मारुती व्हॅनची इज्जत नेमकी कधी गेली?

त्रिमूर्तीनगरकर
घरात नव्या गाडीवरून खलबतं चालू आहेत. माणसं सहा: आई-बाबा, आम्ही दोघं, दोन पोरं. बजेट बेताचं. मी जेवता जेवता म्हणालो, मारुतीची इको व्हॅन घेऊन टाकू. झालं! थोरली नववीत आहे, ती म्हणाली, "मग मला शाळेच्या एक चौक आधीच उतरवत जा." बायको म्हणाली, "सोसायटीत लोक विचारतील, कॅटरिंग कधीपासून सुरू केलं?" आईनं तर निकालच लावला, "त्या गाडीतून पोरं पळवतात."

आता हीच आई १९८९ साली मामाच्या कोऱ्या मारुती व्हॅनपुढे नागपूरच्या टेकडी गणपतीला ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती. नारळ फुटला, चाकाखाली लिंबं चिरडली आणि मामानं आख्ख्या खानदानाला बर्डीचा फेरा मारून आणला. मी मागच्या काचेला नाक लावून बसलो होतो, शाळेतलं कुणी दिसतं का पाहत. म्हणजे त्यांना मी दिसावा म्हणून.

तेव्हा ही गाडी दारात असणं म्हणजे घर वर आलं असं लोक समजायचे. आज तिच्या नातीत बसायची लाज वाटते. मधल्या काळात झालं काय? ज्यांच्या घरी व्हॅन होती त्यांनी लिहा. आणि सध्या इको चालवणाऱ्यांनी खरं खरं सांगा, घ्यावी का?

तर्रीबाज
रुमाल टाकून ठेवतो. पोहे खाऊन येतो.

मंजिरी_धरमपेठ
आमच्याकडे होती, अगदी सुरुवातीच्या काळातली. मारुती ८०० आली १९८३च्या डिसेंबरात आणि १९८४ला पाठोपाठ व्हॅन. 'ओम्नी' हे बारसं नंतर झालं, १९८८ला. आमच्या घरी ती शेवटपर्यंत 'व्हॅन'च राहिली. इंजिन ८००चंच, ७९६ सीसी, तीन सिलिंडरचं, फक्त समोरच्या सीटखाली सरकवलेलं. त्यामुळे गाडीची लांबी जवळपास ८०० एवढीच, पण आत जागा दुप्पट वाटायची. महालातल्या आजोळच्या बोळात जिथं काकांची ॲम्बेसेडर घुसायची नाही, तिथं आमची व्हॅन थेट वाड्याच्या दारापर्यंत जायची. मावशीला ते फार लागायचं.

आई शिकली ती याच गाडीवर. समोर बोनेट नाही, उंच बसायचं, चारी बाजूंनी रस्ता दिसतो. लक्ष्मीभुवन चौकात साडी नेसलेली बाई व्हॅन चालवतेय म्हटल्यावर पानठेल्यावरची मंडळी बोलायची थांबत. आई कधी पाहायची नाही तिकडे. घरी येऊन मात्र सविस्तर सांगायची, कोण कोण होतं ते.

तर्रीबाज
आलो. अबे, पण त्या दाराचं बोला नं कोणी! ते सरकतं दार आपटल्याबिगर लागतच नोतं. हळू लावलं तर अर्धं उघडं, जोरात लावलं तर काका आतून ओरडे, "तुह्या बापाचा दरवाजा हाय का?" आता काकाचा दरवाजा म्हंजे बापाच्या भावाचाच, पण बोलाची सोय नोती.

इतवारी_पुलाखाली
दार लावण्याचा मान घरातल्या एकाच पोराला असायचा आमच्याकडे. बाकीच्यांनी हात वर करून बसायचं, "बोटं आत?" "आत!" मग धाड्. आजही लिफ्टचं दार लागताना माझे हात आपोआप वर जातात.

पाचपावली_एक्सप्रेस
आमची आठ सीटवाली होती. तिच्यात किती माणसं बसत हे मी इथं लिहिणार नाही, धाग्यावर आरटीओतलं कुणी असेल.

रोडग्यांच्या (गोवऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांच्या) पार्टीला ही गाडी म्हणजे देवानं खास धाडलेली. मागची सीट दुमडली की गोवऱ्यांचं पोतं, त्यावर वांग्याची टोपली, कणकेचा डबा, तुपाची बरणी आजीच्या मांडीवर. बरणी दुसऱ्या कुणाकडे द्यायला आजी तयार नसायची, आणि ती पुढं बसायला पण तयार नसायची. कारण इंजिन सीटखाली. मे महिन्यात समोर बसणं म्हणजे शिक्षाच: वरून नागपूरचं पंचेचाळीस डिग्री, खालून इंजिनाची धग. तिथं घरातला जावई बसवायचे. मान म्हणून.

आदासा करून पुढं खेकरानाल्याला जायचो. आरशाला छागळ... नाही, आरशाला लिंबू-मिरची. छागळ, म्हणजे पाण्याची कापडी पिशवी, लटकायची बाहेर, पुढच्या बंपरला, वाऱ्यानं पाणी गार राहावं म्हणून. प्रत्येक पोराच्या खिशात एक कांदा, लू लागू नये म्हणून. एसी वगैरे काही नव्हता, काचा सरकवून जेवढी हवा येईल तेवढी. सावनेरच्या अलीकडे सगळी पोरं झोपलेली असायची, एकमेकांवर पडून. येताना गाडीत गोवरीच्या धुराचा आणि तुपाचा वास, तो पुढं आठवडाभर जायचा नाही. शाळेत मला विचारायचे, "हवन होतं का घरी?"

एकदा एवढी माणसं भरली की घाटरोडला चढावर गाडी तापून बंद पडली. काकांनी रेडिएटरमधलं पाणी पाहिलंच नव्हतं. सगळ्यांना उतरवून समोरची सीट उचलली, आतून वाफ. आजी म्हणाली, "आत चूलच हाय तर गोवऱ्या कायले आणल्या?"

मंजिरी_धरमपेठ
आजींना साष्टांग नमस्कार!

डिझेल_काका
धागाकर्त्याच्या मूळ प्रश्नावर येतो. माझं उत्तर एका शब्दाचं आहे: परमिट.

आमच्या पिढीनं हे एकदा नाही, ओळीनं पाहिलं. व्हॅनच्या आधी लग्नाची वऱ्हाडं बजाज टेम्पोच्या मॅटाडोरमधून जायची. नंतर १९८७ला त्याच कंपनीची ट्रॅव्हलर आली, मर्सिडीजच्या व्हॅनवर बेतलेली, मग मॅटाडोर भाजी वाहू लागली. १९९४ला टाटा सुमो आली. टाटा मोटर्सचे सुमंत मुळगावकर, त्यांच्या नावावरून नाव. पहिली चार-पाच वर्षं सुमोतून कोण उतरतंय हे बघायला लोक थांबत. मग तालुक्या-तालुक्यात ती वडापला लागली आणि साहेब लोकांनी ती सोडली. २०००ला क्वालिस. घरच्यांनी घेतली, ट्रॅव्हल्सवाल्यांनी जास्त घेतली. २००५ला बंद झाली तोवर पांढरी क्वालिस म्हणजे "किती किलोमीटरचं बिल झालं?" एवढंच डोक्यात यायचं.

ओम्नीचं तेच. ती रुग्णवाहिका झाली, शाळेची व्हॅन झाली, अंडी-पाव पोचवणारी झाली, निवडणुकीत भोंगा लावून फिरली. गाडी कामाची निघाली हाच तिचा गुन्हा. ज्या गाडीत भाडं बसतं तिच्यात मालकाला बसवत नाही.

बर्डीचा_राजा
काका, मग इनोव्हाचं काय? ती पण २००५पासून टॅक्सीत आहे. एअरपोर्टवर उभ्या असलेल्या दहातल्या सहा इनोव्हाच असतात. तिची का नाही गेली इज्जत?

डिझेल_काका
चांगला प्रश्न आहे. विचार करून सांगतो.

तर्रीबाज
मी सांगतो नं. इनोव्हातून आमदार उतरते. ओम्नीतून आमदाराचं पोस्टर उतरते.

डिझेल_काका
हेच लिहिणार होतो, जरा सभ्य भाषेत.

पराग_मिशिगन
मूळचा खामल्याचा, सध्या डेट्रॉइटजवळ. इकडं गोष्ट वेगळ्या रस्त्यानं गेली, म्हणून लिहितो.

ज्याला इथं मिनिव्हॅन म्हणतात ती क्रायस्लरनं १९८३च्या शेवटी आणली: डॉज कॅराव्हान आणि प्लिमथ व्हॉयेजर. त्याआधी १९७९ला कंपनी बुडायच्या बेतात होती, सरकारनं कर्जाला हमी दिली म्हणून वाचली. ही कल्पना लढवणारे हॅल स्पर्लिक आणि कंपनीचे प्रमुख ली आयकोका, दोघंही फोर्डमधून काढलेले. फोर्डमध्ये असतानाच स्पर्लिक छोट्या व्हॅनच्या मागे लागला होता, तिथं कुणी ऐकलं नाही. क्रायस्लरनं मोटारीचाच सांगाडा वापरला, इंजिन पुढं, ओढ पुढच्या चाकांना. त्यामुळे तळ खाली आला, गाडी घरच्या गॅरेजात मावू लागली आणि चालवायला कारसारखी झाली. नदीपलीकडं कॅनडातल्या विंडसरला कारखाना, तिथं अजूनही क्रायस्लरच्या मिनिव्हॅन बनतात.

म्हणजे वर्ष पाहा: तुमची व्हॅन आणि इकडची मिनिव्हॅन पाठची भावंडं. आणि आपल्या ओम्नीला पहिल्यापासून दोन्हीकडं सरकती दारं होती, क्रायस्लरनं ड्रायव्हरच्या बाजूचं सरकतं दार दिलं ते १९९६च्या मॉडेलपासून! हे मी ऑफिसात सांगितलं तर कुणी विश्वास ठेवत नाही.

इकडं तिची इज्जत परमिटनं गेली नाही. इथं ती 'आईची गाडी' ठरली. पोरांना फुटबॉलच्या सरावाला सोडणारी उपनगरातली आई, १९९६च्या अध्यक्षीय निवडणुकीत तर 'सॉकर मॉम' म्हणून तिच्या मतांचे हिशेब मांडले गेले. मग त्या गाडीत मागे बसून मोठी झालेली पोरं म्हणाली, आम्ही काही आईची गाडी चालवणार नाही. ती एसयूव्हीकडं वळली. एसयूव्हीत सामान कमी मावतं, तिसऱ्या रांगेत गुडघे छातीला लागतात, पण डोंगरावर जाणारा माणूस असल्याचा भास होतो. डोंगर इथं दोनशे किलोमीटरवर सुद्धा नाही.

आता वारं थोडं फिरलंय. टोयोटाची सिएना २०२१च्या मॉडेलपासून फक्त हायब्रिड येते आणि माझ्या गल्लीतले दोन तरुण बाप ती मिरवतात. मी स्वतः सिएनाच घेतली. बायको सुरुवातीला नाराज होती. कॉस्टको नावाच्या मोठ्या दुकानाच्या पार्किंगमध्ये दोन्ही हातात सामान असताना पायाच्या इशाऱ्यानं दार उघडलं तेव्हापासून काही बोललेली नाही.

मंजिरी_धरमपेठ
पराग, म्हणजे तिकडं बाईची गाडी म्हणून उतरली आणि इथं नोकराची गाडी म्हणून. दोन्हीकडं काम करणाऱ्या माणसाचाच वास लागला तिला. बाकी गाडीत खोट कुणालाच काढता आली नाही.

पराग_मिशिगन
+१. हे मी उद्या ऑफिसात माझं म्हणून खपवणार.

अनामिका७७
मला धागाकर्त्याच्या आईंचं वाक्य हसण्यावारी नेता येत नाहीये.

हिंदी सिनेमात पळवापळवी म्हटली की हीच गाडी. त्याचं कारण सरळ आहे: सरकतं दार, पांढरा रंग आणि गल्लोगल्ली तशीच दुसरी, त्यामुळे कुणाच्या लक्षात राहत नाही. पण सिनेमा पाहून झाला की ती भीती मुलींच्या अंगात राहिली. मी लॉ कॉलेज चौकाजवळ होस्टेलला होते. संध्याकाळी क्लासहून परतताना मागून ओम्नीचा आवाज आला, आणि त्या तीन सिलिंडरचा आवाज ओळखू येतोच, की आम्ही मैत्रिणी न बोलता रस्ता बदलायचो. गाडी निघायची दुधाची नाहीतर लाँड्रीची. तरी पुढच्या वेळी पुन्हा रस्ता बदलायचो. दर काही वर्षांनी पोरं पळवणाऱ्या टोळीची अफवा उठायची, तीत व्हॅन पांढरीच असायची.

त्यामुळे कुणी 'काय दिवस होते' म्हणतं तेव्हा मला दोन व्हॅन आठवतात. एक बाबांची, रामटेकला नेणारी. दुसरी आतून कोण बसलंय ते दिसत नाही ती.

इतवारी_पुलाखाली
अनामिका, हे आम्हा पुरुषांच्या डोक्यात आलंच नसतं. लिहिलंत बरं झालं.

तर्रीबाज
ताई, खरं हाय. माह्या बहिणीले मीच सांगे, व्हॅन हळू झाली तं दुकानात घुसत जाय. आन् आमच्याच घरी व्हॅन उभी राहे.

सावजी_वारस
सगळं वाचलं. डिझेल काकांचं परमिटचं म्हणणं पटलं, पण एक गोष्ट खटकली. 'भाडं बसलं की इज्जत गेली' हे ज्यांची गाडी फक्त फिरायला असते त्यांचं म्हणणं आहे.

आमचा मसाल्याचा धंदा. वडिलांनी १९९७ला जुनी ओम्नी घेतली ती सायकल आणि हातगाडीतून सुटण्यासाठी. सकाळी मागच्या सीट काढून अंगणात ठेवायच्या, त्यावर आजी बसून भाजी निवडायची. गाडीत मिरची, धने, दगडफूल, खसखस, पोत्यांवर पोती. दुपारी इतवारी, गोळीबार चौक, कधी उमरेड. संध्याकाळी गाडी झाडायची, सीट परत बसवायच्या, चार नटबोल्ट, ते माझं काम. मग आम्ही घरचे तिच्यातून लग्नाला जायचो. पाहुण्यांच्या गर्दीत आम्ही उतरलो की आजूबाजूचे शिंकायला लागत. दीदीला त्याची फार लाज वाटायची, ती रुमालावर अत्तर शिंपडून यायची. मला नाही वाटायची. त्या गाडीनं तिचं इंजिनीअरिंग झालं, नंतर माझं लग्न झालं आणि दुकानाला वरचा मजला चढला.

तुमच्या आठवणीतली व्हॅन पाच सीटची आहे. आमच्या घरी ती कधी दोन सीटची असे, कधी आठ. नागपुरात तशीच जास्त घरं होती असं मला वाटतं, फक्त ती लोकं धागे काढत नाहीत.

मंजिरी_धरमपेठ
सावजी, 'सीट अंगणात आणि तिच्यावर आजी' हे आमच्या धरमपेठेत पाहायला मिळालं नसतं. अजून लिहा.

डिझेल_काका
मान्य. लोकांनी इज्जत काढून घेतली ती माझ्या वर्गातल्या लोकांनी, हे मी लिहायला हवं होतं.

नवखा९२
मी शाळेच्या व्हॅनमधला. गाडी घरची असते हे मला माहीतच नव्हतं, माझ्या लेखी ओम्नी ही शाळेचीच वस्तू होती.

तिच्यात जातिव्यवस्थेपेक्षा कडक व्यवस्था असायची. दहावीवाले खिडकीला. आठवी-नववी मधल्या सीटवर. पाचवीच्या आतले समोरासमोरच्या लाकडी फळीवर, गुडघ्याला गुडघे. केजीतलं एखादं लेकरू थेट काकांच्या शेजारी, गिअरच्या दांड्याला चिकटून. दप्तरं वर कॅरिअरवर, पाण्याच्या बाटल्या खिडकीबाहेर लोंबकळत. व्हॅनवाल्या काकांना प्रत्येकाची चाचणी परीक्षेची तारीख पाठ, कुणाच्या घरी पाहुणे आलेत ते माहीत, आणि कोण कुणाला चिठ्ठी देतंय तेही. माझी एक चिठ्ठी काकांनी सहा महिने डॅशबोर्डमध्ये जपून ठेवली आणि बोर्डाची परीक्षा झाल्यावर परत दिली. "आता दे," म्हणाले. तोवर ती जबलपूरला गेली होती.

मंजिरी_धरमपेठ
अरेरे!

तर्रीबाज
काकानं तुहं करिअर वाचवलं बे.

कॅज्युअल्टी_ड्युटी
मजा चालू आहे, त्यात खडा टाकते. जिल्ह्याच्या ठिकाणी अपघात विभागात मी बरीच वर्षं काढली. समोर बोनेट नसलेल्या गाडीची समोरासमोर टक्कर म्हणजे चालकाचे गुडघे आणि घोटे सगळ्यात आधी. पत्रा आणि पाय यांच्यात काहीच नसतं. आणि दप्तरं बाहेर लटकवून दुप्पट पोरं नेणारी व्हॅन आठवून मला तरी हसू येत नाही. राज्यात शाळेच्या बसचे नियम आले २०११ला, बऱ्याच उशिरा. सीटपेक्षा जास्त मुलं बसवणं हे तेव्हा पालकांनाही खुपत नव्हतं, कारण महिन्याचे पैसे कमी पडायचे.

ओम्नी गेली ती कुणी इज्जत काढली म्हणून नाही. धडकेच्या चाचणीचे आणि एअरबॅगचे नवे नियम आले, त्यात ती बसणं शक्य नव्हतं, २०१९ला उत्पादन थांबलं. पस्तीस वर्षं चालली. मला तिच्याबद्दल प्रेम आहे, आमच्याही घरी होती. पण माझ्या मुलाला तिच्यात बसवणार नाही.

पाचपावली_एक्सप्रेस
डॉक्टर, बरोबर आहे तुमचं. आमच्यातलं कुणी दगावलं नाही हे नशीब, गाडीचा गुण नव्हे. तरी खेकरानाला मी आयुष्यातून काढणार नाही.

नवखा९२
अवांतर: फुटाळ्याला संध्याकाळी चक्कर मारा. मागचं दार वर उचललं की छत तयार, खाली शेगडी, इडली, मोमो, चहा. आणि इन्स्टावर पोट्टे तिच्यात गादी घालून, पडदे लावून पचमढीला निघालेत. जुनी ओम्नी धडधाकट असेल तर मालक आता भाव सांगताना हसत नाही.

बर्डीचा_राजा
ज्यात आम्हाला कोंबून न्यायचे त्यात आता दोघंच झोपतात आणि त्याला 'लाइफ' म्हणतात. छान आहे.

मंजिरी_धरमपेठ
आणि कंपन्यांचा भित्रेपणा पाहा. सहा-सात सीटची लांबुळकी गाडी विकायची, पण व्हॅनच्या खानदानातली आहे हे कबूल करायचं नाही. कियानं २०२२ला कॅरेन्स आणली ती 'रिक्रिएशनल व्हेईकल' म्हणून. मारुतीनं २०१९ला अर्टिगालाच जरा उंच करून, काळं प्लास्टिक डकवून एक्सएल६ काढली. पदर डोक्यावरून घेतला तरी सासूबाई ओळखू येतातच.

डिझेल_काका
व्हर्सा विसरलात सगळे! २००१ला आली. जाहिरातीत अमिताभ आणि अभिषेक दोघंही, तरी चालली नाही. तोच साचा सोपा करून, वरचा थाट काढून २०१०ला इको म्हणून आणला आणि ती आजतागायत खपतेय. लोकांना व्हॅन हवी असते, महागडी व्हॅन नको असते.

त्रिमूर्तीनगरकर
मंडळी, धागा कुठच्या कुठे गेला, मजा आली. पण माझी गाडी राहिली ना! सावजींचं वाचून बायकोला दाखवलं, ती म्हणाली, "कॅटरिंगवाली म्हणाले तर म्हणू देत." थोरली अजून एक चौक आधीवरच ठाम आहे. आता डॉक्टरांनी घाबरवलं. इको चालवणारं खरंच कुणी नाही का इथं?

हिंगणा_टी_पॉइंट
आहे, मी. आजवर वाचत होतो फक्त.

तीन वर्षं झाली, १.२ लिटर, पेट्रोल. शहरात झकास. वळण छोटं, आत माणसं ऐसपैस, वडिलांना चढ-उतार सोपा कारण दार पूर्ण सरकतं, शेजारच्या गाडीला लागायची भीती नाही. इंजिन अजूनही समोरच्या सीटखालीच, पण पूर्वीसारखं भाजत नाही, आणि एसी आहे. खेड्यातल्या मेकॅनिकलाही ती कळते. सीएनजीवर घेतलीत तर सिलिंडर मागची जागा खातो, मग सहा माणसांचं सामान डोक्यावर घ्या.

आता वाईट. समृद्धीवर शिवमडक्याहून निघालो, शिर्डीला जायचं होतं. वेगमर्यादा १२०ची आहे म्हणून त्या वेगानं जायचं नसतं या गाडीनं. उंच आणि हलकी, बाजूनं वारा आला की स्टिअरिंग धरून बसावं लागतं. मी ऐंशीवर चालवली, बाकीचे भुर्रकन पुढं. मुलं कंटाळली. लांबचे प्रवास जास्त असतील तर नका घेऊ.

कॅज्युअल्टी_ड्युटी
२०१६ला ग्लोबल एनकॅपनं, म्हणजे गाड्या धडकवून सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेनं, एअरबॅग नसलेली इको ठोकून पाहिली होती, मोठ्यांच्या सुरक्षेला शून्य तारे. त्या यादीत तेव्हा इतर कंपन्यांच्याही गाड्या होत्या, हे खरं. २०२५पासून इकोत सहा एअरबॅग आल्या आणि सात सीटऐवजी सहा सीटची मिळते. त्यामुळे जुनी स्वस्तात मिळतेय म्हणून घेऊ नका. घ्यायची तर नवीच. आणि मागच्या रांगेतही पट्टा लावायची सवय पोरांना पहिल्या दिवसापासून.

डिझेल_काका
सहा माणसं, आई-बाबा वयस्कर, समृद्धीवर जाणार असाल तर तीन-चार वर्षं वापरलेली अर्टिगा बघा. शहरातच फिरणार असाल तर नवी इको. तिसऱ्या रांगेत कोण बसणार हे आधी ठरवा, गाडी मग ठरवा. अर्टिगात तिसऱ्या रांगेत जायला मधली सीट वाकवून आत शिरावं लागतं, ते पोरांचं काम. आई-बाबांच्या वयातल्या माणसाला पाठवू नका.

त्रिमूर्तीनगरकर
आई-बाबांना घेऊन दोन्हीकडं जाऊन बसून आलो. बाबांना अर्टिगा आवडली. आईनं इकोचं दार तीन वेळा उघडलं-लावलं आणि सेल्समनला विचारलं, "हे आतून लहान मुलाला उघडता येतं का?" त्यानं चाइल्ड लॉक दाखवलं. "आणि आतून मोठ्या मुलीला?" म्हणाली. तो बिचारा गोंधळला. मला अनामिकांची पोस्ट आठवली. आईला म्हणालो, लॉक आपल्याच हातात असतं. ती "हं" म्हणाली. अजून ठरलेलं नाही. दिवाळीपर्यंत ठरवू.

अनामिका७७
काकूंना माझा नमस्कार सांगा. बरोबर प्रश्न विचारला त्यांनी.

बर्डीचा_राजा
गाडी आली की टेकडी गणपतीला कळवा, आम्ही लिंबं घेऊन येतो.

सावजी_वारस
धागा चालू आहे तोवर विचारून घेतो. आमची ती १९९७वाली अजून गोडाऊनला उभी आहे, स्टार्ट होते. डाव्या बाजूचं दार निम्म्यात अडकतं. रोलर गेला म्हणतात, नवा मिळत नाही. कुणाकडे उपाय आहे का?

हिंगणा_टी_पॉइंट
रोलर बदलायच्या आधी खालची पट्टी पाहा. त्यात वर्षानुवर्षांची माती घट्ट बसलेली असते, तुमच्या केसमध्ये मसालापण असेल. जुन्या टूथब्रशनं आणि रॉकेलनं खरवडून काढा, कोरडी करा, मग अगदी थोडं ग्रीस. जास्त लावलं तर परत माती धरते. तरी अडकलं तर खालच्या रोलरच्या ब्रॅकेटचे बोल्ट सैल करून दार किंचित वर उचला आणि पुन्हा कसा. दार जड असतं, एकट्यानं करू नका.

तर्रीबाज
आन् झाल्यावर जोरात आपटून पाहा. बोटं आत.